रजा आणि खाडा: कापसाच्या मजुराचे आजारपण कायद्यात का मावले नाही?

१/ केळापूर तालुक्यात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मजूर स्त्रीला ताप आला की त्या दिवशीचा कापूस शून्य आणि मजुरीही शून्य. सालगड्याच्या हिशोबात अशा दिवसाला ‘खाडा’ म्हणतात. कचेरीतल्या नोकरदाराचा तोच ताप ‘आजारपणाची रजा’ ठरतो. एकाच तापाची ही दोन नावे कशी रूढ झाली, त्याचा हा इतिहास. 🧵

२/ सप्टेंबर १८८४. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांचे निवेदन तयार झाले. त्यातील साप्ताहिक सुट्टीची मागणी आपल्याला ठाऊक असते. आणखी एक मागणी सहसा सांगितली जात नाही: कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा.

३/ आदल्याच वर्षी, १८८३ मध्ये, बिस्मार्कच्या जर्मनीने आजारी कामगारांसाठी सक्तीचा विमा आणला होता. म्हणजे लोखंड्यांची मागणी काळाच्या पुढे नव्हती, काळाबरोबरच होती. मुंबईच्या कामगारांना रविवार मिळाला तो १८९० मध्ये. आजारपणातील पगारासाठी मात्र पिढ्या गेल्या.

४/ त्या काळी लागू असलेला १८८१ चा कारखाना कायदा शंभर वा अधिक कामगारांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. कापसाचा मोसम सरताच बंद होणाऱ्या जिनिंगला त्यातून सुटणे सोपे होते. ‘हंगामी’ या शब्दाची मेख येथे प्रथम ठोकली गेली.

५/ १९२३ साली दोन कायदे झाले. एकाने कामावरील इजेची भरपाई मान्य केली. फवारणीचे काम त्याच्या यादीत पुढे आले. दुसऱ्याने कापसाच्या गाठींवर उपकर बसवला. तो पैसा कापसाच्या संशोधनासाठी होता. वाण सुधारण्यासाठी गाठीमागे पैसा काढता येतो, हे सरकारने तेव्हाच सिद्ध केले.

६/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत असताना, १९४४ मध्ये, बी. पी. आडारकर यांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा घडला आणि १९५२ मध्ये योजना सुरू झाली. आज तिच्यात आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

७/ पण याच कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे काय हे सांगताना कापसाच्या जिनिंगचे नाव स्पष्टपणे घेतले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाने विम्याबाहेरच ठेवले. सरकी वेगळी करणाऱ्या हातांची ही गत. शेतात बोंड वेचणारा हात तर कारखान्यातच नव्हता.

८/ २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून शेकडो जणांना विषबाधा झाली, अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशी विषबाधा निदान ‘कामावरील इजा’ म्हणून कायद्यात मांडता येते. त्याच मजुराला हिवताप झाला, तर तेवढाही आधार नाही.

९/ यावर एक रास्त आक्षेप आहे: कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी मजुराला आजारपणाचा पगार कोठून देणार? तो देऊ शकत नाही, आणि त्याच्याकडे मागूही नये.

१०/ वाट महाराष्ट्रानेच १९६९ मध्ये माथाडी कायद्याने दाखवली आहे. हमालाचा मालक रोज बदलतो. म्हणून मंडळ स्थापून मजुरीवर ठरावीक लेव्ही घेतली जाते आणि त्यातून हमालांच्या सोयीसवलती दिल्या जातात. मालक बदलला तरी मंडळ कायम राहते.

११/ माझे मत असे: १९२३ चा उपकर आणि १९६९ चे मंडळ एकत्र आणावे. जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर अल्प उपकर गिरण्या व व्यापाऱ्यांकडून घ्यावा आणि नोंदणीकृत वेचणी मजूर, फवारणी मजूर व जिनिंग कामगारांना आजारपणात निम्मी तरी मजुरी द्यावी. उपकराचा भार भाव पाडून शेतकऱ्यावर ढकलला जाऊ नये, यावर मंडळाची नजर हवी.

१२/ काम हंगामी असते. कामगाराचे शरीर बारमाही असते. कायद्याने १८८१ पासून फक्त पहिली गोष्ट मोजली आहे.

तुमच्या भागात खाड्याला काय म्हणतात आणि त्याचे किती पैसे कापतात? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहा. तोही इतिहासच आहे. 🙏