मोबाइलमधला एकाधिकार

शेतकऱ्याच्या हातात मोबाइल आला तेव्हा शहरातल्या काही शहाण्यांनी नाके मुरडली. 'कर्जमाफी मागतात आणि मोबाइल मिरवतात' असे टोमणे अजूनही कानावर येतात. त्यांना उत्तर देत बसण्याचे कारण नाही. मोटेच्या जागी पंप आला, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तसा हा मोबाइल. तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवणे शेतकरी चळवळीच्या रक्तात नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्या वेळी त्या बियाण्याच्या बाजूने उभे राहणारेही शेतकरीच होते. तेव्हा मोबाइल असावा की नसावा, हा वाद आपला नाही. मोबाइलमधल्या कोणत्या गोष्टी आपले काम करतात आणि कोणत्या आपल्यालाच कामाला लावतात, हा खरा प्रश्न आहे.

गेली काही वर्षे जिल्ह्यात फिरताना आम्ही हाताला लागेल ते ॲप घेऊन वापरून पाहतो. हवामानाची, बाजारभावाची, पैशाच्या देवघेवीची, पिकाचे रोग ओळखणारी आणि सरकारी नोंदणीची. त्यातून जे मत झाले ते बैठकीपुढे ठेवत आहोत.

कळणे आणि मिळणे

हवामानाच्या ॲपांबद्दल चांगले बोलले पाहिजे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' जवळपास वीज पडण्याचा धोका असला की सूचना देते. उन्हाळ्याच्या अखेरीस वावरात राबणाऱ्या माणसाला ही सूचना वेळेवर मिळाली तर जीव वाचतो. २०१९ मध्ये आलेले 'मेघदूत' जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला देते. जिल्ह्याचा अंदाज प्रत्येक शिवाराला लागू पडत नाही, नदीच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ हे आपण दरवर्षी पाहतो. पण फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, एवढे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

बाजारभावाचेही तसेच. लासलगावला कांदा काय भावाने गेला ते आज घरबसल्या कळते. दलालाने सांगितलेला आकडा मान खाली घालून मानण्याचे दिवस गेले. मात्र भाव कळणे वेगळे आणि भाव मिळणे वेगळे. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी ४ मे २०२४ पर्यंत राहिली. त्या पाच महिन्यांत मोबाइलने कोसळलेला भाव इमानाने दाखवला. बंदी उठवण्याचे बटण कोणत्याही ॲपमध्ये नव्हते. शेतकऱ्याला माहिती दिली की त्याचे दैन्य संपेल, असे व्याख्यान देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रोग ओळखणाऱ्या ॲपांशी जरा जपून वागावे. चुनखडीच्या जमिनीतल्या सोयाबीनचा फोटो आम्ही अशाच एका ॲपला दाखवला. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. सततच्या पावसाने रान चिबडले होते. कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही याला लोहाची कमतरता म्हणेल. पाण्याचा निचरा करा, वाफसा येऊ द्या, गरज वाटली तर फेरस सल्फेट फवारा. ॲपने मात्र पिवळा मोझॅक असे निदान केले आणि पांढऱ्या माशीचे कीटकनाशक सुचवले. त्याच्या खालीच ते विकत घेण्याचे बटण होते. डॉक्टर आणि दुकानदार एकाच गादीवर बसले की निदान कोणीकडे झुकणार, हे सांगायला पदवी लागत नाही.

तरीही या ॲपांबद्दल आमची मोठी तक्रार नाही. न पटलेले ॲप काढून टाकता येते. दुसरे घेता येते, नाहीतर शेजारच्या जाणत्या शेतकऱ्याला विचारता येते. ॲप बनवणाऱ्यालाही याची जाणीव असते, म्हणून तो सुधारत राहतो.

ब्राउझरची गोष्ट

इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणाऱ्या ब्राउझरचा इतिहास यासाठी ध्यानात घेण्यासारखा आहे. नेटस्केपचा ब्राउझर १९९४ च्या अखेरीस आला. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर काढला आणि पुढे तो विंडोजबरोबरच देऊन टाकला. यावरून अमेरिकेच्या सरकारने १९९८ मध्ये मक्तेदारीविरोधी खटला भरला. तोवर नेटस्केपचा निकाल लागत आला होता. दहातल्या नऊ संगणकांवर एक्सप्लोररच दिसू लागला. मग काय झाले? २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला २००६ उजाडले. पाच वर्षे थांबून राहायला त्यांना परवडले, कारण गिऱ्हाईक जाणार कुठे? २००४ मध्ये फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम आला आणि पुन्हा हालचाल सुरू झाली. शेवटी १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त करण्यात आला. आज बहुतेक मोबाइलमध्ये क्रोम आधीपासून बसवलेला येतो, म्हणून त्याच्यावरही लक्ष ठेवलेले बरे.

महाराष्ट्रातल्या कापूसवाल्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही. राज्यात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडर म्हणेल ती प्रत, चुकाऱ्यासाठी हेलपाटे. शेजारच्या राज्यात चांगला भाव असला तरी सीमेवर गाडी अडणार. गिऱ्हाईक एकच आणि शेतकऱ्याला दुसरे दार नाही. केंद्र सुधारावे असे तिथल्या कोणाला का वाटावे? खासगी मक्तेदारी असो की सरकारी, अमेरिकेतली असो की यवतमाळची, दार एकच ठेवले की आतला माणूस आळसावतो आणि बाहेरचा रांगेत उभा राहतो.

सक्तीचे ॲप

आता सरकारी ॲपांकडे पाहा. आपल्या पिकाची नोंद आपणच करावी, तलाठ्याने चावडीवर बसून अंदाजाने पेरा लिहू नये, ही कल्पना चांगलीच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली ती याच तत्त्वावर. पण हक्काची सक्ती कधी झाली ते पाहा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये मदत जाहीर झाली, तेव्हा ई-पीक पाहणीतल्या नोंदीची अट घातली गेली. पीक उभे होते, विकले गेले, तोट्यात गेले; तरी ॲपमध्ये नाही म्हणजे नव्हतेच! ही अट पुढे सैल करावी लागली. पण मदतीचे दार ॲपच्या कुलपाने बंद करता येते, हे सरकारला कळून चुकले आहे.

सक्तीच्या अशाच एका नोंदणीसाठी आम्ही एका वस्तीवर दोन दिवस शेतकऱ्यांबरोबर होतो. फोटो शेतात उभे राहूनच काढायचा आणि शेतात रेंज नाही. रेंज मिळते गावाच्या पाण्याच्या टाकीजवळ. तिथे गेले की ॲप म्हणणार, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. मोबाइल उंच धरून बांधावर फिरणारी माणसे आम्ही पाहिली. संध्याकाळी रेंज आली तर सर्व्हर बंद. मुदत मात्र सर्व्हरसाठी थांबत नाही.

बायांची गत आणखी वाईट. 'लक्ष्मी मुक्ती'च्या कार्यक्रमात गावोगाव बायकांची नावे सातबाऱ्यावर लागली. आज उताऱ्यावर नाव तिचे, मोबाइल नवऱ्याचा आणि ओटीपी जातो पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या नंबरवर. मुलगा पाळी संपवून फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली असते. जमिनीची मालकीण आपल्याच पिकाच्या नोंदीसाठी परस्वाधीन झाली. कागदाच्या अर्जावर निदान अंगठा तरी तिचा स्वतःचा होता.

यावर उपाय नाही असे नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय सुरू केले. पैशाचा रस्ता एक बांधला आणि त्यावर अनेकांची ॲप चालू दिली. आज बहुतेक व्यवहार दोनच ॲपांमधून होतात हे खरे, तरी एक आवडले नाही तर दुसऱ्यावर जाता येते आणि बँकेतले पैसे जागेवरच राहतात. शेतीच्या नोंदींचे असे का होऊ नये? सरकारने रस्ता बांधावा आणि गाडी कोणाचीही चालू द्यावी.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा. पहिली, सक्तीच्या प्रत्येक ॲपला दुसरे दार हवे: तेच काम साध्या ब्राउझरमधून आणि गावात कागदावरही व्हावे, आणि दोन्हीकडे तारखेची पोच मिळावी. दुसरी, नोंदीची तारीख फोटो काढल्याच्या दिवसाची धरावी, सर्व्हरने तो स्वीकारल्याच्या दिवसाची नव्हे. तिसरी, नोंदीचा रस्ता यूपीआयसारखा खुला करावा, म्हणजे शेतकरी कंपन्या आणि गावातली शिकलेली पोरेही चांगले ॲप बनवू शकतील.

बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने अडलेल्या नोंदींची यादी आणावी. गाव, गट क्रमांक, कोणत्या तारखेला प्रयत्न केला आणि ॲपने काय उत्तर दिले, एवढे लिहिले तरी पुरे. आणि ती यादी कागदावर आणावी.