मैत्री हवी, ती बिनशर्त

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ज्यांनी त्रिशरण आणि पंचशील दिले, ते कुशीनगरचे भदंत चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातले, आराकानमधल्या अक्याबचे. त्या दीक्षेनंतर वऱ्हाडात गावोगाव बुद्धवंदना सुरू झाली. अमरावती-अकोल्याचे ब्रह्मदेशाशी असे जुने नाते आहे आणि ते ऋणाचे आहे. त्याच देशातली माणसे आज जीव मुठीत धरून आपल्या सीमेत आली असताना वऱ्हाडाने 'ते दूर तिकडचे' म्हणून गप्प बसावे, हे आम्हाला पटत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. चिन प्रांतातले थांतलांग शहर पेटवले गेले, वस्त्यांवर विमानांतून बॉम्ब पडले आणि टिआऊ नदी ओलांडून लोक मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात उतरू लागले. त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. केंद्रीय गृहमंत्रालयाने १० मार्च २०२१ रोजीच सीमेवरच्या चार राज्यांना कळवले होते की, कोणाला निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही. घुसखोरी रोखा, आलेल्यांना परत पाठवा. आठवड्याभरानंतर मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले की, आमच्याच रक्ताच्या माणसांच्या हालांकडे पाठ फिरवणे आम्हाला जमणार नाही. आणि मिझोरामने पाठ फिरवली नाही. चर्चच्या मंडळ्यांनी आणि यंग मिझो असोसिएशनने निवारे उभे केले, सरकारी शाळांनी त्या मुलांना वर्गात बसवले.

हे एका दिवसात आलेले औदार्य नव्हे. मिझो घरात बाई प्रत्येक वेळच्या स्वयंपाकाला तांदूळ काढते, तेव्हा त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. साठलेले तांदूळ चर्चमध्ये जमा होतात आणि विकून आलेला पैसा मंडळीच्या कामाला लागतो. 'बुहफाई थाम' नावाची ही रीत १९१० पासून चालत आली आहे. ज्या समाजाने शंभर वर्षे आपल्या हंड्यातून दुसऱ्याचा वाटा आधी काढला, त्याला दारात आलेल्या माणसाला वाढणे नव्याने शिकावे लागले नाही.

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती बांधवांना या निर्वासितांपर्यंत पोचणे अवघड नाही. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत इथेच होती. ईशान्येच्या डोंगरातली किती तरी मुले यवतमाळच्या उन्हात धर्मशास्त्र शिकून परत गेली. जुन्या ओळखींचा हा धागा पुन्हा हाती घेता येईल. पण तो हाती घेताना आपल्याच मातीतला एक धडा समोर ठेवावा, असे आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते.

१८९९-१९०० च्या दुष्काळात अलायन्स या ख्रिस्ती मिशनने अकोल्यात मुलग्यांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. रस्त्यावर मरू घातलेली पोरे त्यांनी उचलली, वाढवली, शिकवली. ते ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. पण त्या आश्रमांत भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच छपराखाली होते, आणि 'उपाशी पोराला निवड कुठे होती?' हा प्रश्न गावाच्या मनात राहून गेला. सेवेच्या मोठ्या कामावर संशयाची सावली पडली, ती अजून पुरती हटलेली नाही. परतवाड्याजवळच्या कोठारा इथल्या मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयाकडे मात्र लोक वेगळ्या नजरेने पाहतात. समाजाने ज्यांना बाहेर टाकले त्यांच्या जखमा तिथे धुतल्या गेल्या. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले, तेही याच कामासाठी. एकाच जिल्ह्यात ख्रिस्ती आणि हिंदू माणसे एकाच दुखण्याला भिडली, हे वऱ्हाडचे खरे भूषण आहे.

चिन निर्वासित बहुतेक ख्रिस्तीच आहेत, त्यांना नव्याने ख्रिस्ती करायचे नाही. म्हणून तिथली मैत्री सोपी आहे. कसोटी लागते ती पुढे. ब्रह्मदेशातून आलेल्यांत रोहिंग्या मुसलमान आहेत आणि आराकानचे बौद्धही आहेत. ख्रिस्ती मैत्रीचा हात त्यांच्यापर्यंत तितक्याच मोकळेपणाने गेला, तरच तिला मैत्री म्हणता येईल. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आहे. त्या बेघरांची जात, धर्म, देश बाबांनी विचारलेला नाही.

मैत्रीला कायद्याचीही जोड हवी. दिल्लीत विकासपुरीच्या आसपास राहणाऱ्या चिन कुटुंबांतल्या बाया रात्री भाजीबाजार उठल्यावर टाकून दिलेला पाला आणि डागाळलेली वांगी-टोमॅटो वेचून नेत. त्यांच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे ओळखपत्र असते, पण त्या कार्डावर रीतसर नोकरी मिळत नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या ख्रिस्ती माणसाचा विचार झाला, ब्रह्मदेशातला ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिला. ३ मे २०२१ रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीत उच्चायुक्तालयाकडे जाण्याची वाट मोकळी करून दिली आणि ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला परत न ढकलणे हे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातच येते, असे म्हटले. न्यायालयाला जे दिसले ते संसदेने कायद्यात उतरवायला हवे. सीमेची काळजी रास्त आहे. पण कोण खरा निर्वासित आणि कोण नाही, हे ठरवायची रीतच नसेल तर सीमाही सुरक्षित होत नाही आणि माणूसही.

अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळच्या खासदारांनी हा कायदा लोकसभेत मागावा. आणि इथल्या मंडळ्यांनी येत्या नाताळच्या वर्गणीतला एक वाटा चंफाईच्या छावण्यांतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी आणि औषधांसाठी काढावा, दुसरा दिल्लीतल्या रोहिंग्या वस्तीसाठी. सोबत पत्रके नकोत. वऱ्हाडातल्या बुद्धविहारांनीही या वर्गणीत भर घातली, तर चंद्रमणींच्या अक्याबमधून परागंदा झालेल्यांपर्यंत ती जरूर पोचवावी.