हळद सांगलीची, पण कॅन्सरवरचं औषध नव्हे

विश्रामबागमधल्या माझ्या ओळखीच्या एका वहिनींना स्तनात गाठ लागली. कुणीतरी काढा दिला. "ऑपरेशन नको, गाठ विरघळेल." आठ महिने गेले. मिरजेला डॉक्टरांकडे पोचल्या तेव्हा काखेतही गाठी होत्या.

सांगलीची हळद जगभर जाते, मलाही अभिमान आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या कॅन्सरबाबत हळद-कडुलिंबाचे गोडवे गायले, तेव्हा टाटा हॉस्पिटलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून सांगितलं, याला ठोस पुरावा नाही. त्या बाईंची शस्त्रक्रिया, केमो सगळं झालं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली ती फक्त हळद!

झाडपाल्याशी माझं वैर नाही. दारातल्या सदाफुलीतल्या द्रव्यापासून व्हिनोरेलबिन बनतं, ते स्तनाच्या कॅन्सरवर देतात. पण द्रव्य वेगळं काढून, मात्रा ठरवून, रुग्णांवर तपासून. पानं चावून नव्हे. आणि केमो चालू असताना गुपचूप घेतलेली 'नैसर्गिक' गोळी औषधाचं काम बिघडवू शकते. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आता आमच्या जातभाईंना. 'कॅन्सर हमखास बरा' ही जाहिरात १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, छापणाराही त्यात येतो. तरी आपण छापतो, कारण पैसे रोख मिळतात. त्या पैशाला वहिनींच्या आठ महिन्यांचा वास येतो.

मायबहिणींनो, गाठ लागली तर लाजू नका, थांबू नका. आधी तपासणी. हळद भाजीत घाला.