राहायला न्यू जर्सी, नोकरी न्यूयॉर्कला: टॅक्स सॉफ्टवेअर गोंधळतं तेव्हा काय करायचं?

घर एडिसन किंवा जर्सी सिटीत आणि ऑफिस मॅनहॅटनमध्ये. अमेरिकेतल्या अनेक मराठी कुटुंबांचा हाच दिनक्रम आहे. १५ एप्रिलची मुदत जवळ आली की त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. केंद्राचं रिटर्न सॉफ्टवेअरमध्ये सहज भरलं जातं, पण राज्याचं भरताना पगार दुप्पट दिसतो किंवा कराची रक्कम अचानक वाढते. घाईत ‘सबमिट’ केलं, तर एकाच पगारावर दोनदा कर भरला जाऊ शकतो.

दोन राज्यांचा संबंध काय?

अमेरिकेत पगारावर केंद्राबरोबरच बहुतेक राज्येही कर लावतात. टेक्सास, फ्लोरिडा यांसारखी मोजकी राज्ये त्याला अपवाद आहेत. तुम्ही जिथे काम करता ते राज्य तिथल्या कमाईवर कर घेतं, तर राहता ते राज्य सगळ्या कमाईवर. म्हणून न्यूयॉर्कला ‘आयटी-२०३’ हे अनिवासी रिटर्न आणि न्यू जर्सीला नेहमीचं निवासी रिटर्न भरावं लागतं. दुहेरी कर टाळण्यासाठी न्यूयॉर्कला दिलेल्या कराचं क्रेडिट न्यू जर्सी देते.

इथे ‘नॉनरेसिडेंट’ या शब्दाने घोळ होतो. एच-१बी व्हिसावरची व्यक्ती केंद्रासाठी निवासी असूनही न्यूयॉर्क राज्यासाठी अनिवासी असू शकते. विद्यार्थी व्हिसावरची व्यक्ती अनेकदा केंद्रासाठीही अनिवासी असते. तिला ‘१०४०-एनआर’ हा फॉर्म लागतो आणि तो अनेक लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये नसतो. त्यामुळे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधीच हे तपासायला हवं.

पगार दुप्पट का दिसतो?

कंपनी देते त्या डब्ल्यू-२ फॉर्ममध्ये राज्याचा पगार १६ व्या रकान्यात असतो. न्यूयॉर्कच्या नियमानुसार कर्मचारी अनिवासी असला, तरी तिथे पूर्ण पगार दाखवावा लागतो. शेजारीच न्यू जर्सीचाही पगार छापलेला असेल, तर दोन्हींची बेरीज मूळ पगारापेक्षा जास्त होते. सॉफ्टवेअर मग इशारा देतं किंवा पगार दोनदा धरतं.

यावर डब्ल्यू-२ मधले आकडे बदलणं हा उपाय नाही. ते छापलेत तसेच भरावेत. दुरुस्ती करायची ती राज्याच्या रिटर्नमधल्या ‘अलोकेशन’च्या पानावर. तिथे कामाच्या दिवसांवरून न्यूयॉर्कचा वाटा ठरतो. समजा, पगार १,२०,००० डॉलर आहे आणि सुट्ट्या वगळून २४० दिवस काम झालं. त्यातले ६० दिवस कंपनीने न्यू जर्सीतल्या ग्राहकाच्या ऑफिसात पाठवलं असेल, तर न्यूयॉर्कचा वाटा १८०/२४०, म्हणजे ९०,००० डॉलर.

आयटी-२०३ मध्ये एका रकान्यात संपूर्ण उत्पन्न दिसलं, तर घाबरू नये. न्यूयॉर्क आधी सगळ्या उत्पन्नावर कर काढतं आणि मग त्यातला आपला हिस्सा घेतं.

घरून काम केलं तर?

इथे खरी मेख आहे. न्यूयॉर्कच्या कंपनीत असताना स्वतःच्या सोयीसाठी न्यू जर्सीतल्या घरून काम केलं, तर ते दिवसही न्यूयॉर्क साधारणपणे आपलेच मानतं. कनेक्टिकटमध्ये राहणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की यांनी या नियमाला आव्हान दिलं होतं, पण २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. २०२३ मध्ये न्यू जर्सीनेही असे नियम असलेल्या राज्यांतल्या रहिवाशांसाठी तसाच नियम केला. सॉफ्टवेअर मात्र फक्त ‘न्यूयॉर्कबाहेर किती दिवस काम केलं?’ असं विचारतं. तिथे घरून काम केलेले दिवस सरसकट टाकले, तर पुढे नोटीस येऊ शकते.

मग करायचं काय?

• आधी न्यूयॉर्कचं रिटर्न पूर्ण करा, मग न्यू जर्सीचं. क्रम उलटा झाला, तर क्रेडिट शून्य दिसू शकतं.

• न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये पगार एकदाच धरला गेलाय ना, हे पाहा.

• क्रेडिटसाठी डब्ल्यू-२ मधली कापलेली रक्कम टाकू नका. न्यूयॉर्कच्या रिटर्नवर प्रत्यक्ष लागू झालेला कर टाका. या क्रेडिटलाही मर्यादा आहे: त्याच उत्पन्नावर न्यू जर्सीचा जेवढा कर होतो, त्याहून जास्त क्रेडिट मिळत नाही.

• ‘न्यूयॉर्क शहरात राहत होता का?’ या प्रश्नाला चुकून ‘हो’ म्हणू नका. बाहेरून येणाऱ्या नोकरदारांवरचा शहराचा कर १९९९ मध्येच रद्द झाला आहे.

• सबमिट करण्याआधी दोन्ही रिटर्नची पीडीएफ उघडून आकडे ताडून पाहा.

तरीही आकडे जुळले नाहीत, तर मुदतवाढ मागता येते. पण ती रिटर्न भरण्यासाठी असते, कर भरण्यासाठी नाही. अंदाजे देय रक्कम मुदतीतच भरावी लागते. मागच्या वर्षी जास्त कर गेल्याचं लक्षात आलं, तर सुधारित रिटर्न भरता येतं. परताव्यासाठी दोन्ही राज्ये साधारण तीन वर्षांची मुदत देतात.

सॉफ्टवेअर बेरीज-वजाबाकी अचूक करतं. पण कोणत्या दिवशी, कुठे आणि कुणाच्या सोयीसाठी काम झालं, हे त्याला माहीत नसतं. म्हणून वर्षभर कामाच्या दिवसांची साधी नोंद ठेवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.