नळ आला, पण पाणी तपासलं का?



तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं आपल्या भागातली. त्यांचं पाणी मुंबईकरांच्या नळाला जातं, ते आधी गाळून, क्लोरीन घालून. आपल्या पाड्यावर मात्र विहिरीचं पाणी थेट टाकीत आणि टाकीतून नळाला. टीसीएल पावडर कोणी टाकली, किती टाकली, विचारलं तर कोणाकडे उत्तर नाही. पावसाळ्यात पोरांना जुलाब लागले की सांगतात, पाणी उकळून प्या. आणि सरपणाला गेलं की गार्ड दम देतो! मग उकळायचं कशावर?

नळ म्हणजे शुद्ध पाणी, असं समजू नका. टाकीत पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने शेवटच्या घराच्या नळाचं पाणी घेऊन ओ.टी. टेस्ट करायची असते. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलं. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिच्यात दम राहत नाही.

हे काम जलसुरक्षकाचं, पण नजर आपली. येत्या ग्रामसभेत टेस्टची वही मागा. टेस्ट बायांसमोर करायला लावा, कारण पाणी त्याच भरतात. दाव्यासाठी जसे कागद मागितले, तसेच पाण्याचेही मागू.

जिंदाबाद!