जुना घाट आणि नवा बोगदा

सुधारणा हा शब्द उच्चारला कीं आमच्यांत दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एकास जुनें तेवढें सोनें वाटतें व नव्याचा स्पर्शहि नको असतो. दुसऱ्यास नवें हातीं येतांच जुन्याची वाट केव्हां एकदां उकिरड्याकडे लावतों असें होऊन जातें. हा वाद नुसत्या शब्दांचा असला म्हणजे त्याचा निकाल कधींच लागत नाहीं. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें शब्द न मांडतां एका आगगाडीची हकीकत मांडीत आहों. ती स्वित्झर्लंडांतील फुर्का खिंडीची आहे. परंतु तिच्यापासून घ्यावयाचा बोध घाटाखालीं व घाटावर राहणाऱ्या आम्हां सर्वांच्या उपयोगाचा आहे.

आल्प्स पर्वताच्या मध्यभागीं ही खिंड आहे. तिच्या पश्चिमेस व्हॅले प्रांत व पूर्वेस उरी प्रांत असून रोन नदी जिच्यांतून उगम पावते ती हिमनदी खिंडीच्या पश्चिम अंगास आहे. ब्रीगपासून डिसेंटिसपर्यंत या खिंडीवरून लोहमार्ग नेण्यासाठीं १९१० सालीं एक कंपनी निघाली. तिचें भांडवल बहुतांशीं फ्रेंच होतें. चढ मात्र असा विलक्षण कीं गुळगुळीत रुळावर इंजिनाचें चाक जागच्या जागीं फिरत राहिलें असतें. आमच्या बोरघाटाचा चढ सदतिसास एक, आणि तेवढ्यानेंच इंजिनें धापा टाकतात. फुर्क्याचा चढ कांहीं ठिकाणीं नवास एक आहे! याकरितां रोमन आब्ट या स्विस इंजिनियरची युक्ति योजण्यांत आली. दोन रुळांच्या मधोमध दांते असलेल्या पोलादी पट्ट्यांची जोडी बसवावयाची. एका पट्टीचा दांता जेथें, तेथें दुसरीची खांच. आणि इंजिनाखालचें दांतेरी चाक या पट्ट्यांत अडकवून गाडी वर चढवावयाची. एक दांता सुटण्यापूर्वीं दुसऱ्यानें पकड घेतलेली असते. निलगिरीवर मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढणारी गाडी याच युक्तीनें चढते. आणि तिच्यासाठीं ज्या विंटरथुरच्या कारखान्यानें इंजिनें पाठविलीं, त्यानेंच फुर्क्यासाठींहि दहा इंजिनें बांधलीं होतीं.

या रेल्वेचा जन्मच कष्टांत झाला. १९१४ च्या उन्हाळ्यांत ब्रीगहून ग्लेचपर्यंत गाडी सुरू झाली न झाली तोंच महायुद्ध पेटलें. पैशाचा ओघ आटला, काम अर्धवट राहिलें, आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत कंपनीचें दिवाळें निघालें. १९२५ सालीं नव्या कंपनीनें तें अर्धें काम हातीं घेतलें व १९२६ च्या जुलैमध्यें संपूर्ण मार्ग खुला केला. खिंडीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें २१६० मीटर उंचीवर, १८७४ मीटर लांबीचा बोगदा खणून गाडी पलीकडे उतरविली होती. १९३० पासून झरमॅट व सेंट मॉरित्स यांस जोडणारी 'ग्लेशियर एक्सप्रेस' याच वाटेनें जाऊं लागली, व प्रवाशांस डब्याच्या खिडकींतून रोनची हिमनदी दिसूं लागली.

परंतु निसर्गावर मिळविलेला हा विजय वर्षांतून चार-पांच महिन्यांपुरताच होता. ऑक्टोबरांत बर्फ पडूं लागलें कीं गाडी बंद. ती पुन्हां जूनमध्यें सुरू व्हावयाची. स्टेफनबाख नांवाच्या ओढ्यावरील पहिला दगडी पूल हिमलोटानें उडवून दिला. तेव्हां १९२५ सालीं तेथें तीन तुकड्यांचा असा लोखंडी पूल केला, कीं जो प्रत्येक शरद् ऋतूंत माणसांनीं दुमडून बाजूस ओढून घ्यावा व वसंतांत पुन्हां पसरावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मार्गावर वीज आली. मग दर हिवाळ्यापूर्वीं माथ्यावरील विजेच्या ताराहि उतरवाव्या लागूं लागल्या. जी रेल्वे दरवर्षीं स्वतःच्या हातांनीं मोडून ठेवावी व स्वतःच्या हातांनीं पुन्हां उभारावी, तिच्या नोकरांच्या चिकाटीस तोड नाहीं. पण चिकाटी ही एक गोष्ट व लोकांची सोय ही दुसरी गोष्ट. उन्हाळ्यांत हौसेनें येणाऱ्या प्रवाशास ही गाडी रम्य वाटली असेल. हिवाळ्यांत मात्र खिंडीच्या दोन बाजूंच्या गांवांमध्यें ना गाडी ना सडक, असा प्रकार होता. शेजारच्या खोऱ्यांत जावयाचें तर अर्ध्या देशाचा वळसा!

यास्तव खिंडीच्या पोटांतून, बर्फाच्या खालून, ओबरवाल्ड ते रेआल्प असा बोगदा खणण्याचें काम १९७३ सालीं सुरू झालें. व्हॅले प्रांताचे पुढारी व संघसरकारांतील मंत्री रॉजर बोन्व्हिन यांनीं हा विषय हिरिरीनें पुढें रेटला होता. पुढें खडक फसवा निघाला, काम रखडलें, आणि खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीहून अधिक झाला. संसदेंत व वृत्तपत्रांत काहूर उठलें, चौकशी झाली, आणि 'बोन्व्हिनचें भोंक' अशी बोगद्याची थट्टा झाली. अखेर जून १९८२ मध्यें पंधरा किलोमीटरांहून लांब असा हा बोगदा खुला झाला. बोन्व्हिन त्याच महिन्याच्या आरंभीं निवर्तले होते. तेव्हांपासून बाराहि महिने गाडी चालते, व मोटारीसुद्धां आगगाडीवर चढवून पलीकडे नेतात.

आमचें मत येथें स्पष्ट सांगून टाकणें इष्ट आहे. बोगदा झाला हें योग्य झालें. डोंगरांतील माणसानें हिवाळाभर कोंडून राहावें आणि आम्ही त्याच्या कोंडमाऱ्यास प्राचीन शोभा म्हणावें, हा सौंदर्याचा विचार नसून दुसऱ्याच्या कष्टांवर भोगलेली चैन आहे. तथापि चांगल्या हेतूनें हिशेबाची जबाबदारी संपते असें मात्र कोणीं समजूं नये. अंदाज चुकतांच लोकांनीं जाब विचारला, याचा आम्हांस विषाद वाटत नाहीं. उलट असा जाब विचारणारें लोकमत असेल तेथेंच मोठीं कामें निर्धास्तपणें हातीं घ्यावीं. सुधारणेचा कैवार घेणारानें तर तिचा जमाखर्च इतरांपेक्षां अधिक कसोशीनें तपासला पाहिजे.

आतां जुन्या मार्गाचें काय झालें तें पाहा. नवी वाट झाल्यावर जुनी उखडून टाकावी, हा व्यवहाराचा सरळ न्याय. आणि खिंडीवरील रुळांच्या कपाळींहि तेंच लिहिलें होतें. परंतु १९८३ सालीं कांहीं हौशी नागरिकांनीं एक मंडळ काढलें. सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या खर्चानें येऊन, हातांत कुदळ-फावडीं घेऊन, त्यांनीं मार्ग साफ करण्यास प्रारंभ केला. विजेमुळें निरुपयोगी ठरलेलीं चार जुनीं वाफेचीं इंजिनें १९४७ सालीं व्हिएतनाममधील दालातच्या डोंगरी रेल्वेस विकलेलीं होतीं. त्यांचे गंजके सांगाडे या लोकांनीं शोधून काढले व १९९० सालीं सातासमुद्रांपलीकडून मायदेशीं आणले. त्यांपैकीं कांहीं दुरुस्त होऊन पुन्हां त्याच चढावर धावूं लागलीं. १९९२ मध्यें पहिला टप्पा खुला झाला. २००० मध्यें गाडी ग्लेचपर्यंत व २०१० मध्यें ओबरवाल्डपर्यंत पोंचली. म्हणजे सुमारें १८ किलोमीटरांचा मार्ग सत्तावीस वर्षांच्या श्रमदानानें परत मिळविला! दुमडता पूल आजहि दर शरदांत माणसेंच दुमडतात. बदलली आहे ती हिमनदी. ती बरीच मागें हटली आहे, आणि तिला परत आणणारें मंडळ मात्र कोणास काढतां येणार नाहीं.

येथें आमच्या घाटाची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. १८६३ सालीं पंचवीस बोगद्यांतून बोरघाट ओलांडणारी गाडी सुरू झाली. त्या कामावर हजारों मजूर पटकीनें, तापानें व अपघातांनीं मेले. गाडीची दिशा उलट करून वर चढविणारें तेथील स्थानक १९२९ च्या नव्या मार्गानें निरुपयोगी झालें, व तेंहि योग्यच झालें. घाटरस्त्यावरील १८३० सालचा पूल, ज्यास लोक अमृतांजन पूल म्हणत, तो रहदारीस अडथळा होतो म्हणून एप्रिल २०२० मध्यें सुरुंगांनीं पाडण्यांत आला. अडथळा खरा होता हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. पाडण्यापूर्वीं त्याच्या रक्षणासाठीं स्वतःच्या खिशांतून चार रुपये व स्वतःच्या अंगचे चार दिवस देण्यास आमच्यांतील किती जण पुढें आले? पाडल्यावर हळहळणारे पुष्कळ निघाले. पण हळहळीनें पूल उभा राहत नाहीं.

सरकारनें सर्व राखावें ही आमची सवय व सरकारनें कांहींच राखलें नाहीं ही आमची तक्रार; या दोहोंमध्यें आमचें स्वतःचें कर्तव्य नाहींसें झालें आहे. घाटांतील जुन्या कामांचे नकाशे गोळा करणें, अवशेषांची मोजदाद करणें, तेथें खपलेल्या मजुरांची जी कांहीं नोंद दप्तरांतून मिळेल ती प्रसिद्ध करणें, यांस ना कायदा लागतो ना मोठें भांडवल. मुंबई-पुण्याच्या एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं व घाटांतील गांवकऱ्यांनीं मनांत आणलें तर एका सुट्टींत या कामाचा पाया घालतां येईल. बोगदा अवश्य खणावा, त्याचा पैन् पैचा हिशेब अवश्य मागावा; पण ज्या वाटेनें आपण येथवर आलों ती वाट राखण्याचें काम ज्याला तिचें प्रेम आहे त्यानें स्वतः शिरावर घ्यावें. फुर्क्याच्या लोकांनीं तें घेतलें. आम्ही केव्हां घेणार?