आधी निदान, मग खरेदी

चिखलणीच्या ऐन दिवसांत जुना ट्रॅक्टर सुरू झाला नाही, की अंबरनाथ-बदलापूरकडील भातशेतकरी सुट्या भागांसाठी बाजाराकडे धाव घेतो. ही घाई अनाठायी होय. १९६० च्या दशकातील महिंद्र बी-२७५ सारख्या डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेली हवा व स्वच्छ डिझेल पुरते. स्टार्टर मंद फिरल्यास बॅटरीची टोके घासून घट्ट आवळावीत. तो जोमाने फिरूनही धूर निघत नसेल, तर डिझेल पोचत नाही असे समजावे. गाळणी तपासावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत नळीतील हवा काढावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावा. निदानावाचून केलेल्या खरेदीने पैसाही जातो आणि लावणीही लांबते.